शरणपूर रोडपासून केडगावपर्यंत : ख्रिस्ती श्रद्धा आणि बाईचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले काही अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज दिंडोरीहूनच रेकॉर्ड करतोय. द्राक्षांच्या छाटणीसाठी गावी आलोय, लॅपटॉप ओसरीवर आहे, त्यामुळे मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

सुरुवात नाशिकमधल्या एका रस्त्यापासून करू. बीटेक करत असताना चार वर्षं मी दिंडोरी-नाशिक एसटीनं ये-जा केली. शरणपूर रोडवरून किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. पण ‘शरणपूर’ हे नाव आलं कुठून, असा प्रश्न मला त्या चार वर्षांत एकदाही पडला नाही. तुम्हाला पडला होता का?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. इथपर्यंत ठीक. पण १८६० च्या सुमारास इथे आफ्रिकन मुलं यायला लागली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं आणि त्यातून सुटलेली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली बरीच नाशिकला आली. इथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहायला-वाचायला शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा वेनराइट सोबत होता. मृतदेह इंग्लंडला पोचवणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. आपल्या नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा!

आता यात मानवी हक्कांची गोष्ट उघड आहे. गुलामी संपवा असं म्हणणाऱ्या लोकांत श्रद्धाळू ख्रिस्ती मोठ्या संख्येनं होते, आणि त्या श्रद्धेमुळे ही मुलं साखळदंडातून सुटली. पण आणखी एक गोष्ट बघा. या मुलांची नावं बदलली. जेकब, विल्यम, जॉर्ज. त्यांचा धर्म ठरला, धंदा ठरला, आणि पुढे १८७४-७५ च्या सुमारास त्यातल्या अनेकांना मोम्बासाजवळच्या फ्रीअरटाउनला पाठवायचं, हेही ठरलं. मुक्ती मिळाली, पण निवड कोणाची?

हा प्रश्न लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग याच प्रश्नावर उभा आहे, फक्त आपण तो बायकांच्या शरीराच्या बाबतीत विचारणार आहोत.

आधी एक संकल्पना सांगतो. १९९४ साली शिकागोमध्ये काही कृष्णवर्णीय स्त्रिया जमल्या आणि त्यांनी एक शब्द घडवला. मराठीत त्याला आपण ‘प्रजननविषयक न्याय’ म्हणू. त्यांचं म्हणणं असं, की ‘गर्भपाताला परवानगी असावी की नसावी’ एवढ्यावरच भांडत बसलो तर अर्धी गोष्ट निसटते. बाईला तीन हक्क हवेत. मूल नको असेल तर न होऊ देण्याचा. हवं असेल तर होऊ देण्याचा. आणि झालेलं मूल सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा. तिन्ही एकत्र, एक सोडून दोन नाही.

शब्द नवा आहे, पण महाराष्ट्रात ही लढाई दीडशे वर्षं जुनी आहे. आणि तिच्यात ख्रिस्ती श्रद्धा दोन्ही बाजूंना उभी दिसते. कधी बाईच्या बाजूला, कधी दारात आडवी.

रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला, तरी मागे हटले नाहीत. दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावासोबत पायी देशभर फिरल्या, कलकत्त्यात पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये त्यांनी जातीबाहेर लग्न केलं आणि दोन वर्षांच्या आत विधवा झाल्या. कडेवर तान्ही मनोरमा.

१८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि सांगितलं की या देशाला बायकांच्या डॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज म्हणून बायका मरतात. आज हे वाक्य साधं वाटतं. पण १८८२ मध्ये एक विधवा सरकारी आयोगासमोर बाळंतपणाबद्दल, बायकांच्या दुखण्यांबद्दल बोलते, याची कल्पना करा.

त्या काळी विधवेच्या शरीराचं काय चाललं होतं, तेही बघू. घरातल्याच कुणा पुरुषाकडून दिवस जायचे, आणि बदनामी, शिक्षा, विहीर हे सगळं तिच्या वाट्याला. म्हणून तर जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. मूल मारलं म्हणून काशीबाई नावाच्या विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही घटना त्यामागे होती. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं, हा विचार त्यांनी आपल्या पद्धतीनं घडवला.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी घर चालवत. रमाबाईंनी पुढे आत्मकथनात लिहिलंय, की तिथे त्या हलल्या. अशा बायकांवर कुणी माया करताना त्यांनी आधी बघितलंच नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? तिनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरची ती बाई, पाच नवरे झालेली, परक्या जातीची, आणि येशू तिच्याशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो.

मी इथे थांबलो होतो वाचताना. कारण आपल्याकडेही पाणी, विहीर, जात आणि बाई ही चार नावं एकत्र आली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. रमाबाईंना जे दिसलं ते असं, की इथे देव बाईचा इतिहास विचारून तिला दाराबाहेर ठेवत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. पण गंमत पुढे आहे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून चर्चच्या माणसांना वाटलं, आता ही बाई आपलं ऐकेल. त्यांनी ऐकलं नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं नाही असं बिशपांचं म्हणणं आलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नको, हेही विचारलं. भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, त्यात एक भूमिका परत परत येते. एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मानेवरून उतरवलंय, ते दुसऱ्याचं चढवून घेण्यासाठी नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी माझी आहे.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, रमाबाईंनी नवीन सिस्टीम घेतली, पण ॲडमिनचा पासवर्ड कुणाच्या हातात दिला नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाला हजर राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. नेमक्या त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावलेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणते, मी या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टाचा हुकूम आला : जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. रमाबाईंनी आपल्या पुस्तकात यावर कडक लिहिलं. हिंदू पुरुषांना तर त्यांनी सोडलं नाहीच, पण त्यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या इंग्रज सरकारलाही सोडलं नाही. ख्रिस्ती सरकार म्हणून सूट नाही! १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झालं. बारा! आणि तेवढ्यासाठीही पुण्यात केवढा विरोध झाला.

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक विधवा होती गोदूबाई. तिचं नाव लक्षात ठेवा, ती परत येणार आहे. सदन पुण्याला हललं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतातून मुली आणत राहिल्या आणि दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. शतक संपता संपता तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. ज्यांच्यावर अत्याचार झाले, ज्यांना दिवस गेले, ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी वेगळं कृपा सदन होतं. तिथे बाईला आधी विचारलं जायचं नाही की तू कशी वागलीस.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात आपल्या मुलींना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नरनं आरोप नाकारले. त्या मागे हटल्या नाहीत.

आता दुसरी बाजूही बोलू, नाहीतर हा आरतीचा कार्यक्रम होईल. उपाशी, अनाथ मुलगी तुमच्या छपराखाली येते, तुमचं अन्न खाते, तुमची प्रार्थना ऐकते, आणि मग बाप्तिस्मा घेते. ती निवड किती मोकळी? शरणपूरच्या मुलांबद्दल विचारलेला प्रश्न इथेही विचारावाच लागतो. मुक्तीतली शिस्त कडक होती, आणि नंतरच्या काळात तिथलं वातावरण जास्त जास्त धार्मिक होत गेलं. माझं उत्तर असं, की रमाबाईंनी दिलेला पर्याय पूर्ण मोकळा नव्हता, पण त्या मुलींपुढचा दुसरा पर्याय मरण किंवा बाजार होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्या नाशिकचंच एक उदाहरण शेजारी ठेवतो. गोदाकाठच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. या झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या, तरी लगेच धर्म बदलला नाही. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर वाचाच. नवऱ्याच्या मागे फरपटत न जाता स्वतःच्या गतीनं श्रद्धेपर्यंत पोचलेली बाई कशी असते, ते कळेल.

कर्वे आणि विल्सन कॉलेज

आता गोदूबाई. शारदा सदनात शिकलेल्या या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. म्हणजे आपले महर्षी कर्वे. त्यांना पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, नाव रघुनाथ. ख्रिस्ती बाईनं चालवलेल्या शाळेत शिकलेली सावत्र आई त्याच्या घरात आली.

र. धों. कर्वे पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसला जाऊन आले, आणि १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं क्लिनिक निघालं तेच वर्ष. नोकरी कुठे? मुंबईच्या विल्सन कॉलेजात. स्कॉटिश मिशनऱ्यांचं कॉलेज, जॉन विल्सन यांच्या नावाचं. याच जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या होत्या, जेव्हा मुलींना शिकवणं म्हणजे पाप समजलं जायचं.

आणि त्याच कॉलेजच्या चालकांना हे काम मान्य नव्हतं. प्राध्यापकी किंवा संततिनियमन, असा पेच पडला. कर्व्यांनी १९२५ मध्ये राजीनामा दिला.

हे असं का झालं? तेव्हाची ख्रिस्ती जगातली हवा बघायला हवी. इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांची दर दहाएक वर्षांनी लॅम्बेथला परिषद व्हायची. १९०८ मध्ये त्यांनी गर्भनिरोधक साधनांचा निषेध केला, १९२० मध्ये परत केला. विल्सन कॉलेज त्या चर्चचं नव्हतं, पण वारं सगळीकडे तेच. आणि बघा, १९३० मध्ये त्याच लॅम्बेथ परिषदेनं मर्यादित परिस्थितीत साधनं वापरायला वाट करून दिली. १९३ विरुद्ध ६७ मतांनी. म्हणजे कर्व्यांनी राजीनामा दिल्यानंतर पाचच वर्षांनी! त्याच वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरला, पोपनं उलट पत्रक काढून कॅथलिकांना कृत्रिम साधनं निषिद्ध ठरवली, आणि १९६८ मध्ये ते परत पक्कं केलं. बायबल एकच, वर्षही एकच, निष्कर्ष मात्र दोन.

कर्वे स्वतः बुद्धिवादी, देव मानत नव्हते. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. तेव्हा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या घरांतल्या पुरुषांचं एका बाबतीत एकमत होतं, हे सांगायला हवं. विल्सन कॉलेज काही एकटं नव्हतं.

आजीचा डबा

आता माझ्या घरची गोष्ट. माझी आजी, दिंडोरी तालुक्यातली. सहा बाळंतपणं झाली, तीन मुलं जगली. आणीबाणी संपून काही वर्षं झाल्यावर तालुक्यात ऑपरेशनचं शिबिर लागलं होतं, तिथे तिचं ऑपरेशन झालं. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, “आजी, तुला विचारलं होतं का कोणी, करायचं का म्हणून?”

ती म्हणाली, “बायामानसाला कोन इचारतं रे भाऊ? तुझ्या आजोबांनी सांगितलं, गाडीत बसली. येताना डबा दिला स्टीलचा.”

तो डबा अजून घरात आहे. त्यात शेंगदाणे असतात.

आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास करणारं पहिलं राज्य आपलं, महाराष्ट्र. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. म्हणजे बघा, कर्वे ज्या साधनासाठी नोकरीला मुकले, तेच साधन सरकारच्या हातात गेल्यावर हक्काचं ओझं झालं. ‘मूल नको’ म्हणण्याचा हक्क आणि ‘तुला मूल नको’ असं दुसऱ्यानं सांगणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि आजीची तीन मुलं गेली, त्याबद्दल तर तिला कधीच कोणी काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणते, “देवानं दिली, देवानं नेली.”

जामखेड

याच काळात, १९७० मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला एक डॉक्टर जोडपं आलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. ठरवून गरिबातल्या गरीब भागात आले. तेव्हा तिथे हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत मरत होती.

त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा दलित, कितीतरी निरक्षर, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईला कधी दवाखान्यात न्यायचं. ज्या बाईला विहिरीला हात लावू देत नव्हते, ती सवर्णाच्या घरात बाळंतपण करायला लागली. परत विहीर, परत ती शोमरोनी बाई. वीस-बावीस वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण पन्नासच्या बरंच खाली आलं.

कुटुंबनियोजनही तिथे रुजलं, पण डबे देऊन नाही. साधं गणित आहे. मूल जगेल याची खात्री झाली की बाई स्वतःच म्हणते, आता पुरे. शिकागोच्या बायकांनी १९९४ मध्ये सांगितलेले तीन हक्क जामखेडच्या शेतातल्या बायका आधीपासून जगत होत्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग श्रद्धा कुठल्या बाजूला?

सगळं समोर ठेवून बघू. फुलहॅमच्या भगिनी ख्रिस्ती. रमाबाई ख्रिस्ती. रमाबाईंना गप्प करू पाहणारे बिशप ख्रिस्ती. कर्व्यांना पेचात टाकणारं कॉलेज ख्रिस्ती. आरोळे ख्रिस्ती. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्म बायकांच्या हक्कांच्या बाजूचा की विरोधी’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. अशीच यादी मी हिंदू घरांची, मुसलमान घरांचीही करू शकतो.

मला जो फरक दिसतो तो असा. श्रद्धा जिथे बाईशी बोलली, तिथे हक्क उगवले. श्रद्धा जिथे बाईबद्दल बोलली, बाई खोलीत नसताना, तिथे दार बंद झालं. विहिरीवरच्या गोष्टीत येशू बोलतो आणि ती बाई उलट प्रश्न विचारते, हे महत्त्वाचं आहे. रमाबाईंनी ते पकडलं. म्हणून तर शेवटची कित्येक वर्षं घालवून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत स्वतः भाषांतरित केलं, आणि केडगावच्या बायकांनीच छापखान्यात खिळे जुळवून ते छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. ग्रंथाचा अर्थ कोण लावणार, हे त्यांनी पुरुषांवर सोडलं नाही.

परवा आजीला मी रमाबाईंची, कर्व्यांची ही सगळी गोष्ट सांगितली. ती शेंगदाणे निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा कोनी इचारलं असतं तं मी सांगितलं असतं. मला दोनच पोरं पाह्यजे व्हती. पन दोन्ही जगलेली.”

सेहेचाळीस वर्षं उशिरा विचारलं, पण उत्तर तिच्याकडे तयार होतं. तुमच्या घरातल्या आजीला, आत्याला, मावशीला एकदा विचारून बघा. विचारल्यावर मधे बोलू नका.

भेटू पुढच्या भागात. दिंडोरीहून, राम राम.